शुद्धवंशी कुत्र्यांची किंमत

ज्या कुत्र्याचे आईबाप आणि ज्ञात पूर्वज एकाच ठरावीक जातीचे आहेत, त्याला शुद्धवंशी किंवा जातिवंत कुत्रा म्हणतात. अशा कुत्र्याच्या पिल्लाला संकरित किंवा गावठी पिल्लापेक्षा बाजारात बहुधा अधिक किंमत मिळते. ही तफावत कुत्र्याच्या इमानामुळे, बुद्धीमुळे किंवा आरोग्यामुळे पडते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. वंशाची नोंद ठेवण्याचा खर्च, पिल्लू मोठेपणी कसे होईल याविषयी मिळणारा भरवसा, पैदाशीतील जोखीम, पिल्लांची टंचाई आणि लोकांची हौस या गोष्टींतून ती किंमत घडते. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे सोलापूर, सांगली, लातूर आणि सीमेपलीकडील विजयपूर, बागलकोट या भागांत आढळणारा कारवान किंवा कारवानी कुत्रा. मुधोळ हाउंड या नावाने तो अधिक प्रसिद्ध आहे.

संज्ञा

या विषयात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात आणि त्यामुळे गोंधळ होतो. पहिली जातिवंत कुत्र्याची. दुसरी संकरित कुत्र्याची, म्हणजे दोन किंवा अधिक ज्ञात जातींच्या मिश्रणातून झालेल्या कुत्र्याची. उदाहरणार्थ, आई लॅब्रॅडॉर आणि बाप अल्सेशियन. तिसरी गावठी कुत्र्याची. गावठी कुत्र्याला सर्रास ‘मिक्स’ म्हटले जाते, पण तो जातींची भेसळ होऊन तयार झालेला नाही. भारतीय उपखंडातील खेड्यांत माणसाच्या वस्तीभोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला, स्थानिक हवामान आणि अन्न यांच्याशी जुळवून घेतलेला तो एक जुना श्वानसमूह आहे. आजच्या बहुतेक नोंदणीकृत युरोपीय जाती एकोणिसाव्या शतकात आखल्या गेल्या. गावठी कुत्रा त्यांच्याहून जुना आहे. शहरांत मात्र सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांशी त्याचा संकर झालेला दिसतो.

‘अस्सल’ हा शब्द मूळ या अर्थाच्या अरबी ‘अस्ल’वरून मराठीत आला. कुत्र्याच्या बाजारात तो वंशाला लावला जातो, गुणाला नव्हे. ‘गावठी’ या शब्दाला तुच्छतेची छटा नंतर चिकटली. गावचा, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

नोंदवहीचा उगम

विशिष्ट कामासाठी विशिष्ट कुत्री निवडून वाढवण्याची रीत फार जुनी आहे. मेंढरे राखणारा, शिकार उठवणारा, पळत्या जनावराचा पाठलाग करणारा असे कुत्रे सर्व देशांत होते. पण त्यांची ओळख कामावरून ठरत असे. ससा धरणाऱ्या दोन कुत्र्यांची जोड लावली की काम झाले. त्यांच्या आज्याचे नाव कोणी विचारत नसे. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसल येथे श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली, तेव्हापासून चित्र बदलले. प्रत्येक जातीचा लिखित नमुना ठरला: उंची किती, कान कसे, रंग कोणते चालतील. त्याबरोबर वंशाची नोंदवही आली, आणि पुढे बहुतेक जातींत ती बंद झाली. बंद नोंदवही म्हणजे आईबाप दोघेही नोंदलेले असतील तरच पिल्लाची नोंद होणार. अमेरिकेत असाच क्लब १८८४ साली, तर भारतात १८९६ साली निघाला.

किमतीतील आजची तफावत या नोंदवहीतून निघते. नोंदवही बंद झाली की पुरवठा बंद होतो. कुत्रा कितीही देखणा असला तरी त्याला त्या वर्तुळात प्रवेश नाही. आणि जे वर्तुळात आहेत त्यांच्या पिल्लांना टंचाईचे मोल येते.

किंमत कशातून घडते

ग्राहक पिल्लू विकत घेतो, पण त्याला हवा असतो तो मोठा कुत्रा. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून ते किती उंच होईल, अंगावर केस किती येतील, स्वभाव शांत राहील की तापट होईल, हे सांगणे कठीण असते. जातिवंत पिल्लाच्या बाबतीत याचा बराचसा अंदाज आधी देता येतो. अनेक पिढ्या एकाच घडणीच्या कुत्र्यांची जोड लावल्यामुळे त्या घडणीची जनुके दोन्ही बाजूंनी सारखीच येतात आणि पिल्ले आईबापांसारखी निघतात. कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक बापाकडून येते. दोन भिन्न जातींच्या संकरातील पहिली पिढी पुष्कळदा एकसारखी दिसते. त्या पिल्लांची आपसांत जोड लावली की मात्र दुसऱ्या पिढीत आज्या-पणज्यांचे गुण वाटेल तसे विखुरतात: एकाच वेतात एक पिल्लू आखूड पायांचे तर दुसरे लांब पायांचे. मोकाट मादीच्या बाबतीत आणखी एक गंमत असते. माजाच्या दिवसांत तिचा एकाहून अधिक नरांशी संग झाला तर एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

तेव्हा जादा किमतीचा एक मोठा भाग हा पूर्वानुमानाचा मोबदला आहे. कळपाचा राखणदार, पोलिसांचा माग काढणारा कुत्रा किंवा अंधांचा वाटाड्या निवडताना या अनुमानाला खरोखरच मोल असते. दारात बांधायचा सोबती हवा असेल तर ते बरेच कमी होते.

दुसरा भाग खर्चाचा. मादीला साधारणपणे वर्षातून दोनदा माज येतो आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. तिच्या जोडीला योग्य, पण जवळच्या नात्यातील नसलेला नर शोधावा लागतो. तो दुसऱ्या जिल्ह्यात असला तर प्रवास आला. नराच्या मालकाला रोख रक्कम द्यावी लागते किंवा वेतातील त्याच्या पसंतीचे एक पिल्लू द्यावे लागते. गाभण मादीचा खुराक, पशुवैद्याकडील तपासण्या, पिल्लांना दर पंधरवड्याला जंताचे औषध, पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या लसी, नोंदणीचे शुल्क हे सारे त्यात येते. शिवाय ज्या महिन्यांत वेत नसते, त्या महिन्यांतही मादी जेवतेच.

मानलेले आकडे घेऊन हिशेब पाहता येईल. मादीचा आणि वेताचा मिळून वर्षाचा खर्च ३६,००० रुपये धरला आणि सहा पिल्ले जगली, तर प्रत्येकी ६,००० रुपये पडतात. पार्व्होची साथ येऊन दोनच जगली, तर तोच आकडा १८,००० होतो. म्हणून प्रामाणिक पैदासकार किंमत ठरवताना चांगल्या वेताचा नव्हे, तर सरासरी वेताचा हिशेब धरतो. बुलडॉगसारख्या मोठ्या डोक्याच्या आणि अरुंद कटीच्या जातींत प्रसूतीसाठी बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. त्या जातींची पिल्ले महाग असण्याचे ते एक सरळ कारण आहे.

तिसरा भाग हौसेचा आणि प्रतिष्ठेचा. तो मोजता येत नाही, पण बाजार त्यावर हलतो. हच या मोबाइल कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग दिसला आणि भारतभर पगची मागणी एकाएकी वाढली. पगचे गुण त्या वर्षी बदलले नव्हते. बदलली होती ती त्याची ओळख. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने पैदाशीच्या व्यापारासाठी परदेशांतून कुत्रे आणण्यास मनाई केली. त्यामुळे विदेशी जातींचा ताजा रक्तपुरवठा आटला आणि देशात आधीच असलेल्या नोंदणीकृत नरांचे महत्त्व वाढले.

नावाला किती मोल असते याचा नमुना ऑस्ट्रेलियात सापडतो. १९८९ च्या सुमारास तेथील अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांची जोड लावली. एका अंध स्त्रीच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास होई, हे त्याचे निमित्त. झालेल्या पिल्लांपैकी उरलेल्यांना घरी सांभाळायला, ती संकरित आहेत असे ऐकल्यावर, प्रतीक्षायादीतील कुणी तयार होईना. तेव्हा कॉनरन यांनी त्यांना ‘लॅब्रॅडूडल’ असे नवे नाव दिले, आणि तीच पिल्ले लोक मागू लागले. आज हा संकर अनेक जातिवंत कुत्र्यांहून महाग विकला जातो. त्याचे पुढे जे व्यापारीकरण झाले त्याबद्दल कॉनरन यांनी स्वतःच पश्चात्ताप व्यक्त केला. शुद्ध ते महाग आणि मिश्र ते स्वस्त हा नियम किती सैल आहे, हे यातून ध्यानात येते.

वंशावळीचा कागद

तीन पिढ्यांच्या वंशावळीत १४ पूर्वज येतात: आईबाप दोन, त्यांचे आईबाप चार, आणि त्यांचे आठ. हा कागद ग्राहकाला तीन गोष्टी सांगतो: जात कोणती, नात्यातील जोड झाली आहे का, आणि पैदास कोणाकडे झाली. आरोग्य चांगले आहे असे तो सांगत नाही. वंशावळीच्या प्रमाणपत्राला आरोग्याचे प्रमाणपत्र समजणे ही ग्राहकाची नेहमीची चूक असते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सर्वच मालाला कमी किंमत देऊ पाहतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो, असे त्यांचे म्हणणे होते. पिल्लांच्या बाजाराला ही मांडणी जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. कारवानसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्यांत तर ती अधिकच लागू पडते, कारण या पिल्लांचे तोंड वयाबरोबर लांबत जाते. महिन्याभराच्या पिल्लात ते रूप पुरते उमटलेले नसते. त्या वयात गावठी किंवा संकरित पिल्लू कारवान म्हणून खपवणे अवघड नाही. म्हणून जाणकार ग्राहक पिल्लापेक्षा त्याची आई पाहतो, शक्य असल्यास बापही पाहतो, आणि आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेत नाही. हल्ली नोंदणीकृत कुत्र्याच्या मानेजवळ त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिचा १५ अंकी क्रमांक वाचकयंत्रावर पाहून तो कागदावरील क्रमांकाशी ताडून घेता येतो. क्रमांक जुळला नाही, तर त्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

होटगीपासून मुधोळपर्यंत: कारवान कुत्रा

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे मध्य रेल्वेवरील जंक्शन आहे. मुंबई–चेन्नई लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे सुमारे १५ किलोमीटरवर येथून एक फाटा दक्षिणेकडे वळतो आणि भीमा ओलांडून इंडी रोड, विजयपूर, बागलकोटमार्गे गदगला जातो. हा मार्ग ज्या मुलखातून जातो तो कमी पावसाचा, उघड्या माळांचा, ज्वारीचा आणि मेंढरांचा आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येथे घरोघर चालतात. नजरेने सावज हेरून धावणाऱ्या कुत्र्याला असाच उघडा मुलूख लागतो; दाट जंगलात त्याचा वेग कामाचा नाही. कारवान कुत्रा या पट्ट्यात टिकून राहिला यामागे हे भूगोलाचे कारण आहे.

‘कारवान’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ तांडा असा आहे. पश्चिम व मध्य आशियातून दख्खनेत येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे आले असावेत, असे मानले जाते. सलूकी या जुन्या पश्चिम आशियाई जातीशी त्यांचे साम्य उघड आहे. कान आणि शेपटी यांवर रेशमी झालर असलेल्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. ‘पश्म’ म्हणजे लोकर, हाही फारसी शब्द. आखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवानी. लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, बारीक लांब पाय आणि खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंची अशी त्याची ठेवण असते. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. त्याला रोज मोकळे पळायला हवे असते. साखळीला बांधून वाढवलेला कारवान बिथरतो किंवा मरगळतो.

मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला आश्रय दिला आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगितले जाते. संस्थानाच्या या आश्रयामुळे ‘मुधोळ’ हे नाव जातीला चिकटले. एकाच कुत्र्याला केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कारवान हाउंड’ म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. सोलापूरकडच्या मेंढपाळाच्या लेखी तो केवळ ‘कारवानी’.

सुमारे शतकभर या कुत्र्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. ज्यांच्याकडे तो होता ते धनगर, शेतकरी, भटक्या जमातींतील शिकारी. त्यांच्यात पिल्लांची देवघेव नात्यागोत्यात, ओळखीत, कधी धान्याच्या बदल्यात चाले. कागद नव्हता, पण वंशाची आठवण होती: अमक्या वाडीच्या कुत्रीचे, तमक्याच्या नराचे पिल्लू. अशा तोंडी वंशावळी दोन-तीन पिढ्या मागे सहज जात. परंतु गावच्या पंचक्रोशीबाहेर त्या कोणी मानत नसे. शहरातील श्रीमंत घरांत त्याच काळात अल्सेशियन आणि पॉमेरेनियन यांना पैसे मोजले जात होते.

पुढे परिस्थिती पालटली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या कर्नाटक पशुवैद्यक, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाने श्वान संशोधन व माहिती केंद्र उघडले. २०१६ मध्ये मेरठ येथील लष्कराच्या पशुवैद्यक दलाच्या केंद्रात मुधोळ पिल्ले प्रशिक्षणासाठी गेली. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१९-२० मध्ये देशात प्रथमच कुत्र्यांच्या जातींची अधिकृत नोंद केली, तेव्हा राजपालयम आणि चिप्पिपाराई या तमिळ जातींबरोबर मुधोळ हाउंडचा समावेश झाला. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’ या कार्यक्रमात देशी कुत्र्यांचा उल्लेख करताना याचेही नाव घेतले. कुत्रा तोच राहिला. त्याच्याभोवती नोंद, नाव आणि मान्यता उभी राहिली, आणि पिल्लाला पैसे मिळू लागले. जातिवंत कुत्र्याची किंमत कशी निर्माण होते, हे जुन्या विदेशी जातींपेक्षा कारवानच्या उदाहरणात अधिक स्पष्ट दिसते, कारण येथे ती प्रक्रिया एका पिढीच्या देखत घडली.

किमतीबरोबर दोन अडचणीही आल्या. ससा आणि काळवीट यांची शिकार हे कारवानचे मूळ काम होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार ते आता गुन्हा आहे. काम गेल्यावर पाठलागाची कसोटीही गेली आणि निवड राहिली ती रूपावर किंवा शर्यतीतील वेगावर. शर्यतीसाठी कारवानचा ग्रेहाउंडशी संकर करण्याची प्रथा पडली आहे. ग्रेहाउंड कमी अंतरात अधिक वेगवान, तर कारवान लांब पल्ल्यात आणि उन्हात अधिक टिकाऊ. शर्यतीच्या हौशी ग्राहकाला संकराचेच मोल अधिक वाटते, आणि मग तीच संकरित पिल्ले पुढे अस्सल कारवान म्हणून विकली जातात. अशा विक्रीत ग्राहक फसतो, पण खरे नुकसान जातीचे होते; कारण त्या पिल्लांची पुढची पिढी कोणत्याही नोंदवहीबाहेर गावोगाव पसरते आणि मूळ रक्त कोठे उरले आहे हे सांगणे अवघड होते.

दुसरी अडचण याच्या उलट दिशेची आहे. शुद्धतेसाठी नोंदवही अगदी घट्ट बंद करावी, तर आधीच थोड्या संख्येच्या जातीत नात्यातील जोडी वाढतात. त्यामुळे कागद नसलेल्या, पण जातीच्या नमुन्यात बसणाऱ्या देशी कुत्र्यांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांची नोंद घेण्याची वाट खुली ठेवणे शहाणपणाचे ठरते. खेड्यातील मेंढपाळाच्या बिनकागदी कुत्र्याला यामुळेच महत्त्व आहे.

शुद्धतेचे मोल कुत्र्याच्या अंगावर

सख्ख्या भावंडांची जोड लावली तर पिल्लाच्या जनुकजोड्यांपैकी सरासरी एक-चतुर्थांश जोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सावत्र भावंडांच्या जोडीत हे प्रमाण एक-अष्टमांश असते. एकेरी प्रतीत दबून राहिलेले दोष अशा वेळी वर येतात. प्रदर्शनात गाजलेल्या एकाच नराचा वापर शेकडो माद्यांवर होतो, तेव्हा काही पिढ्यांनी सगळी जातच एकमेकांची नातेवाईक बनते.

डाल्मेशियन जातीचे उदाहरण बोलके आहे. या जातीत युरिक आम्लाचे पचन बिघडवणारा दोष इतका पसरला होता की निर्दोष कुत्राच उरला नव्हता. त्यातून मूत्रखडे होत. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी एका डाल्मेशियनची जोड पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी लावली आणि निर्दोष जनुक जातीत परत आणले. त्या वंशातील कुत्री नंतर दिसायला पूर्ण डाल्मेशियन होती, तरीही त्यांना नोंदवहीत घेण्यास अमेरिकी क्लबने कित्येक दशके नकार दिला. २०११ मध्ये मान्यता मिळाली. आजारी पण शुद्ध कुत्रा महाग, आणि निरोगी पण एका पूर्वजापुरता अशुद्ध कुत्रा बिनमोल, असा हा उरफाटा व्यवहार चालला होता. ब्रिटिश क्लबने २००९ पासून आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंद बंद केली.

जर्मन शेफर्डमधील खुब्याच्या सांध्याचा विकार आणि पग-बुलडॉग यांचा श्वासाचा त्रास सर्वज्ञात आहे. सोलापूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला नेमके तेच नीट जमत नाही. दाट लोकरीचा हस्की अशा हवेत वातानुकूलित खोलीवाचून सुखाने राहू शकत नाही. ही कुत्री येथे महाग आहेत, पण येथली नाहीत. आखूड केसांचा कारवान आणि गावठी कुत्रा हे ऊन सहज सोसतात. मात्र चरबी कमी असल्याने कारवानसारख्या सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधे जड जातात. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याला जात सांगणे आवश्यक असते.

संकरित आणि गावठी कुत्र्यांत असे आनुवंशिक दोष दुहेरी होण्याची शक्यता कमी असते. त्यांना रोग होतच नाहीत, असे मात्र नाही. पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीज जात पाहून येत नाहीत.

पैदाशीवरील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाखाली २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी नियम झाले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिची जोड लावता येत नाही, आयुष्यात तिची पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. अंमलबजावणी तोकडी आहे. नियम पाळणाऱ्या पैदासकाराचा खर्च वाढतो आणि त्याचे पिल्लू महाग होते. नियम मोडणारा, मादीला प्रत्येक माजाला गाभण ठेवणारा आणि महिन्याच्या आतच पिल्लू आईपासून तोडणारा स्वस्तात विकतो. त्यामुळे जातिवंत पिल्लू संशयास्पद स्वस्त मिळत असेल, तर वाचलेले पैसे बहुधा त्या मादीच्या हालांतून आलेले असतात. वेतांना निरुपयोगी झालेल्या माद्या रस्त्यावर सोडल्या जातात, हे प्राणिमित्र संस्थांच्या निवाऱ्यांत नेहमी दिसते.

गावठी पिल्लू विनामूल्य का

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते. एवढा पुरवठा आणि इतकी कमी मागणी असताना किंमत शून्यावर येणे स्वाभाविक आहे. त्याच्या वाढीवर कोणी खर्च केलेला नसतो, म्हणून वसूल करायलाही काही नसते. त्यांच्या संख्येचे नियंत्रण करण्यासाठी नसबंदी आणि लसीकरण यांची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. दत्तक देणाऱ्या संस्था कधी थोडी रक्कम घेतात. ती पिल्लाची किंमत नसून लस आणि नसबंदी यांचा अंशतः खर्च असतो.

घरी आणल्यानंतर ही तफावत झपाट्याने पुसट होते. मध्यम बांध्याच्या कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला ५० रुपये धरले, तर वर्षाचे १८,२५० आणि बारा वर्षांचे २,१९,००० रुपये होतात. कुत्रा विकत घेतलेला असो वा रस्त्यावरून उचलून आणलेला. रेबीजची पहिली लस दोघांनाही सुमारे तीन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीने द्यावी लागते.